फोन कोणाचा होता आणि कागद कुठे आहे?

पत्र

कराड तालुक्यातल्या कृष्णाकाठच्या एका गावातून सत्तावीस वर्षांच्या मुलीने लिहिलंय. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) २०१९ च्या महापुरात तिने गावासाठी यूट्यूब चॅनल सुरू केलं. कोयनेतून किती क्युसेक पाणी सोडलं, कुठला पूल पाण्याखाली गेला, कुठली एसटी बंद, एवढंच त्यावर असायचं. आज त्याचे अकरा हजार सबस्क्रायबर आहेत. पूर आला की तिचे वडीलही तेच बघून जनावरं वरच्या वस्तीवर नेतात.

यंदा तिने नाल्यातून नदीत येणारं काळं पाणी आणि तरंगणारे मेलेले मासे यांचा व्हिडिओ टाकला. 'कारखान्याने नदीत विष कालवलं' असं त्याचं शीर्षक होतं. दोन दिवसांत पोलीस ठाण्यातून फोन आला, "व्हिडिओ काढा, नाहीतर गुन्हा दाखल होईल." आठवड्याने चॅनलवरचा दुसराच एक व्हिडिओ गायब झाला. सप्टेंबर २०२३ मध्ये जिल्ह्याचं इंटरनेट बंद पडलं तेव्हापासूनच आपला आवाज दाबला जातोय, असं तिला वाटतं. घरचा ऊस त्याच कारखान्याला जातो आणि भाऊ पोलीस भरतीची तयारी करतोय. त्यामुळे वडील म्हणतात, "पाण्यात राहून माशाशी वैर नको, चॅनल बंद कर." पुण्यातला मामेभाऊ म्हणतो, "व्हीपीएन (आपण कुठून नेट वापरतोय ते लपवणारी सोय) घे, खोट्या नावाने दुसरं चॅनल काढ आणि लढ." ती विचारते, "सरकार माझं तोंड बंद करतंय. मी गप्प बसू की लपून लढू?"

उत्तर

तुझं पत्र तीनदा वाचलं आणि सोबतचे स्क्रीनशॉट त्याहून जास्त वेळा. पत्रात 'सरकार' हा शब्द नऊ वेळा आलाय, मी मोजला. म्हणून प्रत्येक ठिकाणी ते सरकार नेमकं कोण होतं, हे आधी बघू. तीन घटनांची तू एकच मोट बांधली आहेस. ती सोडल्याशिवाय पुढचं काही सुचणार नाही.

सगळ्यात सोपी गाठ इमेलची. गायब झालेल्या व्हिडिओबद्दल यूट्यूबने पाठवलेला जो इमेल तू जोडलायस, तो नीट वाच. त्यात सरकारी आदेशाचा उल्लेख कुठेही नाही. ती कॉपीराइटची तक्रार आहे. मागच्या वर्षीच्या पुराच्या व्हिडिओत तू एका वृत्तवाहिनीची अकरा सेकंदांची दृश्यं वापरली होतीस, त्यावरून त्या वाहिनीने ती केली आहे. काळ्या पाण्याचा याच्याशी काही संबंध नाही. आठवडा तोच निघाला, इतकंच.

अशी तक्रार झाली की चॅनलला स्ट्राइक, म्हणजे यूट्यूबची ताकीद, बसते. ती नव्वद दिवसांनी उतरते, पण नव्वद दिवसांत तीन बसल्या तर चॅनलच जातं. तेव्हा आधी वाहिनीला सरळ पत्र लिही आणि तक्रार मागे घ्यायची विनंती कर. चालू घडामोडींच्या वार्तांकनासाठी थोडा भाग वापरायची मुभा १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये आहे. त्या आधारावर यूट्यूबकडे प्रतिदावाही करता येतो. मात्र प्रतिदाव्यात खरं नाव आणि पत्ता द्यावा लागतो आणि तो तक्रारदाराकडे जातो. अकरा सेकंदांसाठी हा व्याप करायचा का, ते तू ठरव. मी नसता केला.

म्हणजे सेन्सॉरशिप हा तुझा भ्रम आहे, असं मात्र समजू नकोस. ती खरी आहे आणि तिची एक ठरलेली वाट आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९-अ खाली केंद्र सरकार एखादी वेबसाइट, अकाउंट किंवा व्हिडिओ देशात बंद करू शकतं. त्याची कारणंही ठरलेली आहेत. देशाची एकात्मता, संरक्षण, राज्याची सुरक्षा, परराष्ट्रांशी संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था आणि यांतल्या गुन्ह्यांना चिथावणी. कारखान्याची बदनामी त्या यादीत नाही, स्थानिक पुढाऱ्याची नाराजी तर नाहीच. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये हे कलम कायम ठेवलं तेव्हा कारणं लेखी नोंदवली जातात आणि मजकूर लिहिणारा सापडत असेल तर त्याचं म्हणणं ऐकलं जातं, यावर भर दिला होता.

प्रत्यक्षात या कलमाच्या २००९ च्या नियमांत गुप्ततेची एक तरतूद आहे आणि तिच्या आड आदेश दडवले जातात. दिल्लीतल्या एका पत्रकाराने हुंड्याची टिंगल करणारी 'हुंडा कॅल्क्युलेटर' नावाची वेबसाइट काढली होती. ती २०१८ मध्ये बंद झाली. आदेशाची प्रत आणि सुनावणी मिळावी, एवढा निकाल दिल्ली उच्च न्यायालयाकडून मिळवायला त्याला मे २०२२ उजाडला. फेब्रुवारी २०२५ मध्ये एका व्यंगचित्रावरून 'विकटन' या तमिळ साप्ताहिकाची अख्खी वेबसाइट बंद झाली. मार्चमध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ते चित्र तूर्त काढायला लावून ती खुली करायला सांगितली. ज्याचं तोंड बांधलं त्यालाच का बांधलं हे सांगायचं नाही, हा प्रकार मला कधीच पटलेला नाही. पण तुझ्या बाबतीत ही वाट कोणी धरलेलीच नाही. तुझ्याकडे आलाय तो फक्त एक फोन.

आता त्या फोनकडे येते, कारण तुझं खरं दुखणं तिथे आहे आणि मला येणाऱ्या निम्म्या पत्रांमध्येही तेच असतं.

फोन कोणाचा होता? नाव, हुद्दा, बक्कल नंबर, यातलं काही विचारलंस का? पत्रात तू फक्त 'ठाण्यातून फोन आला' असं लिहिलंयस. "साहेबांनी सांगितलंय" म्हणणारा शिपाई माणूस म्हणून वाईट नसतो. त्यालाही कोणीतरी "जरा बघून घ्या" असं सांगितलेलं असतं, आणि त्या कोणीतरीला आणखी कोणीतरी. अशा निरोपाला कायद्याचं वजन नसतं. यूट्यूबसारख्या कंपनीला मजकूर काढायचं कळवायचं असेल तर त्यालाही पद्धत आहे. २०२५ च्या अखेरीस माहिती तंत्रज्ञान नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार पोलिसांच्या वतीने असं कळवणारा अधिकारी खास नेमलेला आणि किमान उपमहानिरीक्षक दर्जाचा असावा लागतो. ते लेखी असावं लागतं आणि त्यात कायदेशीर आधार आणि नेमकी लिंक द्यावी लागते. ठाण्यातल्या लँडलाइनवरून आलेला फोन यात कुठेच बसत नाही.

म्हणून पुन्हा फोन आला तर आवाज न चढवता एवढंच म्हण, "साहेब, मला लेखी द्या. कोणत्या कलमाखाली आणि कोणाच्या सहीने, ते कळू द्या. मी वकिलांना दाखवून उत्तर देते." फोन ठेवल्यावर तारीख, वेळ आणि झालेलं बोलणं वहीत लिहून ठेव. माझा अनुभव असा की दहातले सात फोन 'लेखी' हा शब्द ऐकल्यावर पुन्हा येत नाहीत. उरलेले तीन येतात, हेही सांगून ठेवते. चौकशीला बोलावलं तर घाबरू नकोस. साक्षीदार म्हणून माहिती हवी असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ नुसार लेखी आदेश लागतो, आणि बाईला घराबाहेर कुठे हजर राहायची सक्ती करता येत नाही. ठाण्यात एकटी तर मुळीच जाऊ नकोस. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. तिथे स्त्रियांना उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो. ही सोय कितीतरी जणींना माहीतच नसते.

आणि 'गुन्हा दाखल होईल' म्हणजे कसला? बदनामीचा असेल तर तो अदखलपात्र आहे. पोलीस आपणहून त्याचा एफआयआर नोंदवू शकत नाहीत. ज्याची बदनामी झाली त्याने दंडाधिकाऱ्यांकडे जायचं असतं. तरीही दुसरं एखादं कलम लावून त्रास दिला जाऊ शकतो, हे मी लपवणार नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये आपल्याच राज्यात, पालघरला, फेसबुकवर चार ओळी लिहिल्याबद्दल एका मुलीला आणि त्या लाइक केल्याबद्दल दुसरीला अटक झाली होती. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ज्या ६६-अ कलमाचा तिथे वापर झाला ते सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये रद्द केलं. तरी त्याखाली गुन्हे नोंदवणं चालूच राहिलं, ते थांबवा म्हणून न्यायालयाला ऑक्टोबर २०२२ मध्ये पुन्हा सांगावं लागलं. मेलेल्या कलमाची भीती सात वर्षं जिवंत होती.

आता थोडं कडू बोलते. तुझा व्हिडिओ मी पाहिला. दृश्यं चांगली आहेत, हात न हलवता घेतलीयस. पण 'कारखान्याने नदीत विष कालवलं' हे तुला कुठून कळलं? पाण्याचा नमुना तपासलास का? नाला कारखान्यामागून येतो हे खरं, पण त्याच नाल्याला वर दोन गावांचं सांडपाणी मिळतं, हे तूच व्हिडिओत चौथ्या मिनिटाला म्हणतेस. तुला दिसलं ते असं की अमुक तारखेला सकाळी सात वाजता पाणी काळं होतं, वास येत होता, मासे मेले होते आणि नाला अमुक दिशेने येत होता. एवढं सांगितलं असतंस तर तुझ्यावर बोट ठेवायला कोणाला जागा नव्हती. 'विष' आणि 'कालवलं' या दोन शब्दांनी ती जागा तू स्वतः करून दिलीस.

म्हणून माझा सल्ला असा की व्हिडिओ काढू नकोस, शीर्षक बदल. खाली दोन ओळींत लिही की आधीचं शीर्षक पुराव्यापलीकडे जात होतं, म्हणून बदललं. याला माघार म्हणतील, म्हणू देत. भीतीने पुसणं वेगळं आणि चूक दुरुस्त करणं वेगळं, आणि हा फरक तुला तुझ्यापुरता कळला तरी पुरे. मूळ फाइल पेनड्राइव्हवर दोन ठिकाणी ठेव. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरलेली प्रत चालणार नाही, तिच्यातला तारखेचा तपशील निघून जातो. मग महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयात लेखी तक्रार दे, पाण्याचा नमुना घ्या म्हणून माग आणि ग्रामपंचायतीलाही प्रत दे. महिनाभराने माहिती अधिकारात, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून, तपासणी अहवाल माग. तो आला की त्यावर पुढचा व्हिडिओ कर. त्यात 'विष' म्हणायचं की नाही, ते अहवाल सांगेल.

सप्टेंबर २०२३ ची गोष्ट या सगळ्याहून निराळी आहे. समाजमाध्यमावरच्या आक्षेपार्ह मजकुरावरून पुसेसावळीत दंगल झाली, एका माणसाचा जीव गेला, जाळपोळ झाली आणि जिल्ह्याचं इंटरनेट बंद केलं गेलं. मी तेव्हा साताऱ्यातच होते. पोवई नाक्यावर कोणाचंच ऑनलाइन पेमेंट होईना, चहावाला ओळखीच्यांची उधारी पुठ्ठ्यावर लिहीत होता. तुझं चॅनल तेव्हा बंद होतं, तसं सगळ्यांचंच होतं. ते तुझ्याविरुद्ध नव्हतं.

त्या रात्री खोटे फोटो आणि चिथावणीचे मेसेज आणखी फिरत राहिले असते तर काय झालं असतं, हा प्रश्न मी सहज झटकू शकत नाही. ज्यांच्या दारात जमाव आला त्यांच्यासमोर बसून 'अभिव्यक्ती स्वातंत्र्य' म्हणायला जीभ जड होते. पण दुसरी बाजूही आहे. नेट बंद असलं की अफवा खोडणारा माणूसही मुका होतो. नेट बंद केल्याने दंगल शमते का, याचा कसलाही अभ्यास सरकारकडे नाही, असं संसदेच्या स्थायी समितीने डिसेंबर २०२१ च्या अहवालात नोंदवलं होतं. जानेवारी २०२० च्या अनुराधा भसीन निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की असे आदेश प्रसिद्ध करावेत, बेमुदत बंदी चालणार नाही, आणि बंदी गरजेपुरतीच हवी. एका आदेशाची कमाल मुदत पंधरा दिवस आहे. तेव्हा पुढच्या वेळी 'नेट का गेलं' याच्या आधी 'आदेश कुठे लावलाय' हे विचार आणि तो चॅनलवर वाचून दाखव. एखाद्या गावच्या चॅनलने एवढं केलं तरी मोठं काम होईल.

अशा बंदीत फोन आणि साधे एसएमएस बहुधा चालू राहतात. गावातल्या वीस घरांचे नंबर कागदावर लिहून ठेव. पुरातही उपयोगी पडतील, तेव्हा तर टॉवरच झोपतो.

मामेभावाबद्दल काय बोलू? पुण्यात बसून उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं. व्हीपीएन वापरणं आपल्याकडे सर्वसाधारणपणे बेकायदा नाही, पण ते तुझ्या कुठल्या दुखण्यावर औषध आहे? नेटच बंद असेल तर व्हीपीएन चालत नाही. तुझा व्हिडिओ कोणी ब्लॉक केलेला नाही. आणि उद्या केलाच, तर दिवसभर उसाला पाणी पाजून आलेला माणूस तुझा व्हिडिओ बघायला व्हीपीएन टाकणार आहे का? फुकट मिळणारी कितीतरी व्हीपीएन आपलीच माहिती विकून पोट भरतात. शिवाय एप्रिल २०२२ च्या सरकारी निर्देशांनुसार व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकांच्या नोंदी पाच वर्षं ठेवायच्या आहेत, त्यावरून काही परदेशी कंपन्यांनी इथले सर्व्हर हलवले. खोट्या नावाचं चॅनल तर नकोच. २०१९ पासून गाव तुझ्या नावावर विश्वास ठेवतं. नाव लपवलंस की 'हिचं काहीतरी काळंबेरं आहे' म्हणायला मोकळीक. जिवावर बेतलेल्या माणसाने नाव लपवणं मी समजू शकते. तुझ्यावर ती वेळ आलेली नाही.

आता बाबा. तुझ्या पत्रात मला सर्वांत खरी वाटलेली ओळ म्हणजे 'आपला ऊस त्याच कारखान्याला जातो'. कलम ६९-अ दिल्लीत आहे. ऊसतोडीची चिठ्ठी गावात आहे. उसाला तुरे फुटले तरी तोडणीची टोळी येत नाही, वजन घटत जातं आणि कोणी काही बोललेलं नसतं, कुठे कागद नसतो. अशी सेन्सॉरशिप कुठल्या न्यायालयात नेणार? बाबांची भीती भित्रेपणाची नाही, हिशोबाची आहे. त्यांच्याशी 'आवाज', 'लढा' या शब्दांत बोलू नकोस. उसाची नोंद कोणत्या तारखेची आहे, तिची पावती कुठे आहे, शेजारच्या कारखान्याकडे काही क्षेत्र नोंदवता येईल का, हे घेऊन बस. नोंदीची पावती हातात असली की 'तोड का लांबली' हे लेखी विचारता येतं.

भावाचं तर अगदी सरळ आहे. भरतीच्या चारित्र्य पडताळणीत त्याच्यावरचे गुन्हे विचारतात, बहिणीचे नाही. पण चॅनल कोणाच्या इमेलवर आहे? सिम कोणाच्या नावावर? जाहिरातीचे पैसे कोणाच्या खात्यात येतात? पत्रावरून वाटतं की सिम आणि खातं दोन्ही त्याचं आहे. या आठवड्यात सगळं तुझ्या नावावर कर. त्याने या भांडणात पडायचं की नाही हे त्याचं त्याने ठरवावं, तुझ्यामुळे आपोआप ओढला जाऊ नये. आणि त्याच्या फॉर्ममध्ये काही सांगण्यासारखं असलंच तर दडवू नकोस म्हणावं. कितीतरी उमेदवार गुन्ह्यापेक्षा लपवाछपवीने अडकतात.

तू कराडची आहेस म्हणून एक आठवण सांगते. १९७५ च्या डिसेंबरात, आणीबाणीत, साहित्य संमेलन कराडला भरलं होतं. अध्यक्ष दुर्गा भागवत, स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण, म्हणजे केंद्रातले मंत्री. दुर्गाबाईंनी जयप्रकाश नारायणांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला सांगितलं आणि मांडव उभा राहिला. माझे वडील मागच्या रांगेत होते. ते म्हणायचे, उभं राहायला फक्त पाय लागले, पण बाजूला कोण उठतंय हे बघायला मान दोनदा वळली. दुर्गाबाईंना पुढे तुरुंगात जावं लागलं. वडील मात्र दुसऱ्या दिवशी वेळेवर नोकरीला गेले. प्रत्येकाने दुर्गाबाई व्हावं असं मी तुला सांगणार नाही, वडीलही झाले नाहीत.

उद्या खरंच लेखी आदेश आला तर तो नीट वाचून जपून ठेव आणि वकिलाला दाखव. कंपनीनेच व्हिडिओ काढला तर आधी तिच्या तक्रार अधिकाऱ्याकडे जा. तिथे समाधान झालं नाही तर तीस दिवसांच्या आत सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील करता येतं. पण आदेशच सरकारचा असेल तर दाद उच्च न्यायालयात मागावी लागते. त्यासाठी आता मुंबई गाठायला नको. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच आहे आणि सातारा, सांगली दोन्ही जिल्हे त्यात येतात. सकाळच्या एसटीने जाऊन संध्याकाळी परत येता येतं.

प्रदूषण मंडळात तक्रार देताना दोन प्रती ने आणि आपल्या प्रतीवर आवकचा शिक्का, तारीख आणि सही घेतल्याशिवाय खिडकी सोडू नकोस. "ठेवून जा, बघतो" म्हणतील. हसून तिथेच उभी राहा. आणि पावसाळा तोंडावर आलाय. चॅनल बंद करायचा विषय घरात पुन्हा निघाला की बाबांना एवढंच विचार, यंदा कोयनेचे दरवाजे उघडले की जनावरं कोणाचं बघून हलवायची?